फोन हातात धरला की रेंज जाते: तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

लक्षणं

फोन टेबलावर असताना चार दांड्या दिसतात, उचलून कानाला लावला की एकच उरते. स्पीकरवर ठेवून बोललं तर सगळं स्वच्छ, हातात धरलं की समोरचा म्हणतो, "आवाज तुटतोय." तुम्हाला त्याचं पूर्ण ऐकू येतं, त्याला मात्र तुमचं अर्धंच पोचतं. आडवा धरून गेम खेळताना किंवा मॅच बघताना नेट अडकतं आणि फोन उभा केला की लगेच चालू होतं. घराच्या आतल्या खोलीत फोन गरम होतो, बॅटरी दुपारपर्यंत उतरते. कधी कधी हे सगळं डिस्प्ले, बॅटरी किंवा चार्जिंगचं काम करून फोन दुकानातून परत आल्यावर सुरू झालेलं असतं. ती गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

अँटेनासारखे दिसणारे दुसरे बिघाड

हातात धरल्यावर पडद्यावर "सिम नाही" असं येत असेल तर अँटेनाच्या मागे लागू नका. अँटेना झाकली गेली तर रेंज उतरते, सिम गायब होत नाही. सिम गायब होतं तेव्हा दोष सिमच्या खालच्या पिनांत, ट्रेमध्ये किंवा दाब पडल्यावर वाकणाऱ्या बोर्डात असतो. फोन बंद करून सिम काढा, सोनेरी बाजू कोरड्या सुती कापडाने पुसा, ट्रे वाकडा झालाय का ते बघा. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत आणि एकदा भिजलेल्या फोनमध्ये या पिनांवर हिरवट थर चढतो. स्लॉटमध्ये टाचणी किंवा ब्लेड घालून तो खरवडू नका, पिन वाकली तर स्लॉटच बदलावा लागतो.

मग *#०६# डायल करा. आयएमईआय नंबर आला नाही किंवा नुसती शून्यं आली, तर बिघाड बहुधा बेसबँडचा, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपच्या भागाचा, आहे. ते बोर्डाचं काम, पुढच्या तपासण्या त्या फोनसाठी नाहीत.

रेंज टेबलावरही तितकीच वाईट असेल आणि त्याच कंपनीचं सिम असलेल्या घरातल्या दुसऱ्या फोनलाही तोच त्रास असेल, तर फोन निर्दोष आहे. तिथे टॉवरचाच प्रश्न आहे.

हात नेमकं काय करतो

हाताने दोन गोष्टी होतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की पुढचं निदान सोपं जातं. पहिली गोष्ट शोषण. हातात पाणी आणि क्षार असतात, ते रेडिओलहरींची ऊर्जा शोषून घेतात. अँटेनाच्या समोर जितका तळहात जास्त, तितकी गळती जास्त. दुसरी गोष्ट सूर बिघडणं. अँटेना ठरावीक फ्रिक्वेन्सीसाठी ठरावीक लांबीची केलेली असते. तिला किंवा तिच्या अगदी जवळ बोट लागलं की तिची विद्युत लांबी बदलते आणि ती दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीला अनुकूल होते. शोषणासाठी अख्खा तळहात लागतो, सूर बिघडवायला एक बोटही पुरतं.

९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर, १८०० ची १७, आणि ३५०० ची जेमतेम साडेआठ. खालच्या बँडला (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला) लांब अँटेना लागते, म्हणून ती फोनच्या तळाची जवळपास पूर्ण रुंदी व्यापते आणि फोनची धातूची चौकटही कामाला लावते. मुख्य अँटेना तळाशीच असण्याचं मोठं कारण म्हणजे डोकं. फोन कानाला लावल्यावर डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा मर्यादेत ठेवावी लागते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून दर किलोला १.६ वॅट आहे, आणि बऱ्याच फोनमध्ये *#०७# डायल केलं की त्या फोनचा आकडा दिसतो. अँटेना डोक्यापासून लांब नेली की ती येते नेमकी तळहाताच्या खळग्यात. हात आणि अँटेना यांचं हे भांडण प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक फोनमध्ये आहे. फरक असतो तो कोणी किती सांभाळून घेतलं यात.

सांभाळून न घेतल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१० चा आयफोन ४. बाहेरची स्टीलची पट्टीच अँटेना होती आणि खाली डाव्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांमध्ये बारीक काळी फट होती. डाव्या हातात फोन धरला की तळहात त्या फटीवर पूल बांधायचा. अ‍ॅनंडटेक या तंत्रज्ञान-वेबसाइटने तेव्हा मोजलं (डीबी, म्हणजे डेसिबल, हे घटीचं माप; दहा डीबी घट म्हणजे ताकद दहावा हिस्सा उरली): घट्ट धरल्यावर २४.६ डीबी, नेहमीसारखं धरल्यावर १९.८ डीबी घट. त्याच चाचणीत नेक्सस वन हा दुसरा फोनसुद्धा घट्ट धरल्यावर १७.७ डीबी गमावत होता, म्हणजे दुखणं एकट्या अ‍ॅपलचं नव्हतं. पण आयफोनमध्ये उघडा धातू थेट कातडीला लागत होता. रबरी कडं घातलं, म्हणजे मिलिमीटरभर अंतर मिळालं, की घट बरीच कमी व्हायची. १६ जुलै २०१० रोजी अ‍ॅपलने ते कडं फुकट देण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षीच्या आयफोन ४एस मध्ये फोन स्वतःच दोन अँटेनांपैकी चांगली निवडू लागला, आणि आजचे बहुतेक फोन असं काहीतरी करतात.

पहिली तपासणी: दांड्या सोडा, आकडा बघा

दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे कंपनी ठरवते. आयफोन ४ मध्ये उणे ५१ पासून उणे ९१ डीबीएमपर्यंत (हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) पाचच्या पाच दांड्या दिसायच्या आणि उरलेल्या चार अवघ्या वीस-बावीस डीबीत कोसळायच्या. त्यामुळे वीस डीबीची तीच घट एका जागी दिसायचीच नाही आणि दुसऱ्या जागी सर्वनाश वाटायची. नंतरच्या अपडेटमध्ये दांड्यांचं सूत्र बदललं, अँटेना होती तशीच राहिली.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, फोनबद्दल, स्टेटस, सिम स्टेटस इथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. काही फोनमध्ये *#*#४६३६#*#* ने तीच माहिती उघडते. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल केल्यावर फील्ड टेस्ट उघडतो, त्यात आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, शोधा. बँडही दिसायला हवा असेल तर अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर हे अ‍ॅप चांगलं आहे.

फोरजीचा आरएसआरपी असा वाचा. उणे ९० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० ला बोलणं होतं पण फोन जोर लावतो. उणे ११८-१२० च्या आसपास कॉल तुटायला लागतो. हा आकडा टूजीच्या आकड्याशी ताडू नका, कारण फोरजीत एका बारीक उपवाहकाची (वाहिनीच्या एका लहान तुकड्याची) ताकद दाखवतात आणि टूजीत अख्ख्या वाहिनीची. वीस मेगाहर्ट्झच्या वाहिनीत एवढ्यानेच तीस डीबीचा फरक दिसतो. टूजीवर उणे ८० असताना फोरजीवर उणे १०० दिसलं म्हणून फोन बिघडला असं होत नाही.

आता मोजणी. वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा, दोन सिम असतील तर एक बंद करा, कव्हर काढा. फोन लाकडी टेबलावर ठेवा, स्टीलच्या टेबलावर किंवा फ्रिजवर नको. आकडा मागच्या काही सेकंदांची सरासरी असतो, म्हणून प्रत्येक वेळी वीस सेकंद थांबून मगच वाचा. चार आकडे घ्या: टेबलावर, दोन बोटांनी मधोमध कडेला धरून, नेहमीसारखा तळ तळहातात धरून, आणि दोन्ही हातांनी आडवा. प्रत्येक आकडा दोन-तीनदा घ्या, कारण तीन-चार डीबी असेच हलत असतात.

एक फसगत इथे नेहमी होते. घराच्या आत भिंतींवरून उसळलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे फोन नुसता वीतभर सरकला तरी आकडा दहा डीबीने बदलू शकतो. फोन टेबलावरून उचलून छातीशी आणला की जागाही बदलली आणि हातही लागला, मग घट कशाने झाली हे कळणार कसं? म्हणून हातातली मोजणी टेबलाच्या त्याच जागेवर, पृष्ठभागापासून चार बोटं वर करा आणि फोन थोडा इकडेतिकडे सरकवून मधला आकडा धरा.

दुसरी फसगत बँडची. हात लावल्यावर फोन २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० सोडून ८५० च्या बँड ५ वर गेला तर आकडा उलट सुधारलेला दिसतो आणि नेटचा वेग मात्र पडतो. ताडायचे आकडे एकाच बँडचे, एकाच सेलचे (टॉवरच्या एकाच भागाचे) असावेत. अ‍ॅपमध्ये फक्त चॅनल क्रमांक, म्हणजे ईएआरएफसीएन, दिसत असेल तर १२०० ते १९४९ म्हणजे बँड ३, २४०० ते २६४९ म्हणजे बँड ५, ३४५० ते ३७९९ म्हणजे बँड ८ आणि ३८६५० ते ३९६४९ म्हणजे बँड ४०.

आकड्यांचा अर्थ काय लावायचा? तीन डीबी म्हणजे अर्धी ताकद, दहा म्हणजे दहावा हिस्सा, वीस म्हणजे शंभरावा. तळ पूर्ण हातात गेल्यावर पाच ते दहा डीबी घट कुठल्याही चांगल्या फोनमध्ये होते. घट्ट धरल्यावर पंधरापर्यंत गेली तरी बऱ्याचदा ती रचनेचीच मर्यादा निघते. पण नेहमीच्या सैल पकडीत पंधरा-वीस जात असतील, किंवा पूर्वी त्याच जागी, त्याच पकडीत चालणारा फोन आता चालत नसेल, तर बिघाड शोधायला हरकत नाही.

आणि टेबलावरचा आकडा काय होता ते विसरू नका, सगळा खेळ त्यावर आहे. टेबलावर उणे ८५ असेल तर पंधरा डीबी जाऊन उणे १०० उरतात, कोणाला पत्ताही लागत नाही. टेबलावर उणे १०५ असेल तर तीच पंधरा डीबी कॉल तोडतात. फोन तोच, हातही तोच. ऑफिसात नीट चालतो आणि घरी रडतो, याचं कारण बहुधा हेच असतं.

आकडा फारसा पडत नाही, तरी समोरच्याला आवाज तुटतो, असंही होतं. फोन ऐकतो दोन किंवा चार अँटेनांनी, पण बोलतो सहसा एकीनेच, आणि ती बहुधा तळाची असते. तळ झाकला की वरची अँटेना ऐकण्याचं काम सांभाळते, म्हणून आकडा टिकतो. बोलणारी अँटेना मात्र मुठीत असते. फोरजीत फोनची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॅट, टॉवरची त्याच्या शंभरपटीहून जास्त. कमी रेंजमध्ये फोन आधीच पूर्ण जोर लावून बोलत असतो, हाताने खाल्लेलं भरून काढायला त्याच्याकडे शिल्लक काही नसते. तापणं आणि बॅटरी उतरणं इथूनच येतं. हे पकडायला स्पीड टेस्टमधला अपलोडचा वेग टेबलावर आणि हातात बघा. डाउनलोड तसाच आणि अपलोड कोसळला, तर बोलणारी बाजू झाकली जातेय.

दुसरी तपासणी: कव्हर आणि पाठीला चिकटवलेलं सगळं

याला पैसा लागत नाही. कव्हर काढून आणि घालून तीच मोजणी करा. धातूचा बंपर, गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी पाठीला चिकटवलेली लोखंडी पट्टी, धातूची रिंग, फ्लिप कव्हरचं चुंबकी बटण यातलं काहीही अँटेनाच्या जवळ आलं तर तिचा सूर बिघडवतं. खऱ्या कार्बन फायबरचं कव्हरही वीज वाहून नेतं, त्याने तेच होतं. लोखंडी पट्टी लावायचीच असेल तर पाठीच्या मध्यावर लावा, तळाच्या आणि वरच्या दोन-अडीच सेंटिमीटर पट्ट्यात नको. बाजारात मिळणारी "सिग्नल वाढवणारी" सोनेरी स्टिकरं ताबडतोब सोलून टाका. ती कशालाही जोडलेली नसतात, सिग्नल वाढवत नाहीत, आणि धातूची असतील तर नुकसानच करतात.

साधं सिलिकॉनचं कव्हर उलट बरं. त्याने कातडी आणि चौकट यांत अंतर पडतं. धातूच्या उघड्या कडांचा फोन विनाकव्हर वापरत असाल तर आधी साधं कव्हर घालून बघा, कितीतरी फोनचं काम तेवढ्यावर भागतं.

तिसरी: पकड

चौकट धातूची असेल तर कडेवर प्लास्टिकच्या बारीक रेषा दिसतात. त्या सजावटीसाठी नाहीत, तिथे अँटेना एकमेकींपासून तोडलेल्या असतात. तळाच्या दोन रेषा कुठे आहेत ते बघा आणि बोट नेमकं त्यांच्यावर पडतं का ते तपासा. दुसऱ्या हातात धरून मोजा. करंगळी तळाखाली टेकवायची सवय असेल तर ती काढून मोजा. हात बदलल्यावर दहा डीबी सुधारत असतील तर दोष रेषेच्या जागेचा आहे, सुटा भाग बदलून तो जाणार नाही. प्लास्टिकच्या चौकटीत रेषा दिसत नाहीत, तिथे अँटेना मागच्या पॅनलखाली छापलेली असते. असा फोन पाठीवर हात पसरला की रुसतो.

गेमवाल्यांसाठी: आडवा फोन उलटा फिरवा, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू डावीकडे होती ती उजवीकडे. वाय-फायच्या अँटेना बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतात आणि आडव्या पकडीत एका तळव्याखाली जातात. फिरवल्यावर बाजू बदलते आणि बऱ्याचदा तो तळवा बाजूला होतो.

चौथी: सेटिंग

फाइव्हजी ऑटो असेल तर एक दिवस फक्त फोरजीवर ठेवून बघा. ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा एन७८ बँड भिंतींतून फार आत येत नाही, कडेवरचा सिग्नल हात लावताच सुटतो, आणि फोन फाइव्हजी-फोरजी उड्या मारत बसतो. त्या उड्यांच्या मधल्या सेकंदांत नेट थांबतं. फोरजीवर दिवसभर स्थिर राहिला तर घरात तोच मोड ठेवा.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. जिओ, एअरटेल आणि व्ही (वोडाफोन आयडिया) तिन्ही ते देतात. कॉल टॉवरऐवजी राउटरवरून जातो आणि घरापुरता कॉलचा प्रश्न मिटतो. याकडे लोक "हा इलाज नव्हे" म्हणून का दुर्लक्ष करतात कळत नाही. रचनेतलाच दोष असेल तर याहून चांगला इलाज नाही.

नेटवर्क सेटिंग्ज रीसेट शेवटी करा. त्याने वाय-फायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, आणि हात लावल्यावरच होणाऱ्या घटीवर त्याचा परिणाम क्वचितच होतो. सॉफ्टवेअर अपडेट मात्र जरूर करा, अँटेना कधी बदलायची याचा निर्णय मोडेमचं सॉफ्टवेअर घेतं.

पाचवी: प्लास्टिकची पट्टी आणि रुमाल

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि फोन उघडायचा की नाही हे तीच ठरवते. फोन टेबलावर ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या. शाळेतली प्लास्टिकची पट्टी घ्या आणि तिच्या टोकाने तळाचे दोन्ही कोपरे, कडा आणि मागचं पॅनल एकेक करून हलकं दाबा. प्लास्टिक लहरी शोषत नाही आणि अँटेनाचा सूरही फारसा बदलत नाही, त्यामुळे आकडा हलायला नको. पट्टीने दाबल्यावर आकडा धाडकन पडला, किंवा दाबल्यावर उलट सुधारला, तर आत काहीतरी सैल आहे: केबल, स्प्रिंग किंवा स्क्रू.

पट्टीने काहीच होत नाही आणि बोट लावताच पडतो? मग रुमालाची घडी करा, सेंटिमीटरभर जाड, आणि ती मधे ठेवून फोन तसाच धरा. घट बरीच कमी झाली तर कातडीच्या स्पर्शाने सूर बिघडतोय, कव्हरने भागेल. तेवढीच राहिली तर शोषण आहे, तिथे पकड बदलणं किंवा वाय-फाय कॉलिंग हाच मार्ग.

सहावी: त्याच मॉडेलचा दुसरा फोन

ओळखीत कोणाकडे तेच मॉडेल असेल तर तुमचंच सिम त्यात घालून, त्याच टेबलावर, त्याच पकडीने मोजा. दोघांची घट तीन-चार डीबीच्या आत सारखी असेल तर तुमचा फोन धड आहे, मॉडेलच तसं आहे. टेबलावरच तुमचा दहा डीबीने मागे असेल तर तुमच्या फोनमध्ये बिघाड आहे. मॉडेल वेगळं असेल तर बँडही वेगळे असू शकतात. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये हे हमखास बघा, इथला एखादा बँडच त्यात नसेल तर अँटेनाला दोष देऊन उपयोग नाही.

सातवी: उघडून बघणं

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. फोन पाणीरोधक असेल तर उघडल्यावर मूळ सील परत तसं बसत नाही, हे मान्य असेल तरच पुढे जा. काचेची पाठ काढायचा सराव नसेल तर हे काम दुकानात द्या, पण काय बघायला सांगायचं ते पुढे आहे.

फोन बंद, बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली. पाठ गरम करून प्लास्टिकच्या पत्तीने उचला, पत्ती बॅटरीकडे खोल घालू नका. आतलं आवरण काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

पहिली बघायची ती कोएक्सियल केबल, दुकानात जिला अँटेना वायर म्हणतात. मुख्य बोर्डापासून तळाच्या चार्जिंग बोर्डापर्यंत, बॅटरीच्या कडेने जाणारी काळी किंवा पांढरी बारीक वायर. दोन्ही टोकांना सोनेरी गोल कनेक्टर, टिच बटणासारखे वरून दाबून बसणारे. डिस्प्ले किंवा बॅटरीच्या कामानंतर सुरू झालेल्या तक्रारीत याच टोकाकडे आधी बघावं. ते अर्धवट बसलेलं असतं, आणि आवरणाच्या दाबाने कसंबसं टिकून राहतं. फोन मुठीत आला, चौकट किंचित वाकली की सुटतं. नखाने सरळ वर उचलून काढा, कनेक्टरच्या बरोब्बर वर धरून दाबा, बसल्याचा टिक जाणवला पाहिजे. तिरकं दाबलं तर मधली पिन वाकते. या जातीचे कनेक्टर साधारण तीस वेळाच काढघाल सोसतात, म्हणून उगाच खेळ नको.

मल्टिमीटर असेल तर केबल दोन्हीकडून सोडवून मोजा: मध्यापासून मध्यापर्यंत वहन हवं, मध्य आणि बाहेरचं कवच यांत वहन नको. केबल बोर्डाला जोडलेली ठेवून मोजू नका. बोर्डावर जमिनीकडे (ग्राउंडकडे) जाणारी कॉइल असू शकते, मीटर शॉर्ट दाखवतो आणि चांगली केबल फेकली जाते.

मग स्प्रिंग. बोर्डावरच्या छोट्या सोनेरी पट्ट्या चौकटीला किंवा पॅनलमधल्या अँटेनाला टेकतात. एखादी चपटी झाली, काळी पडली किंवा तुटली की अँटेना अधांतरी. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने पुसा, चपटी झालेली चिमट्याने केसभर उचला. समोरचा टेकायचा बिंदूही पुसा, तिथे जुना डिंक असतो.

स्क्रू मोजा. तळाचे स्क्रू नुसतं आवरण धरून ठेवत नाहीत, बोर्ड आणि चौकट यांची जमीन तेच जोडतात. दुरुस्तीत एक स्क्रू राहून गेला की अँटेनाचा आधारच जातो, आणि तो स्क्रू कमी आहे हे बाहेरून कधीच दिसत नाही.

शेवटी सुटे भाग. चार्जिंग बोर्ड डुप्लिकेट असेल तर चार्जिंग छान होतं, कारण विकणाऱ्याने तेवढंच बघितलेलं असतं. पण त्याच बोर्डावर अँटेनाचे जुळवणीचे बारीक भाग असतात, आणि स्वस्त बोर्डात ते चुकीच्या मूल्याचे किंवा गायबच असतात. मागचं पॅनल बदललं असेल आणि नव्यात अँटेनाची छापील पट्टी नसेल, किंवा धातूमिश्रित रंग असेल, तरी तेच. दोन्ही बाबतीत मूळ भाग घालून मोजल्याशिवाय दुसरं काही बदलू नका.

इथे थांबा

केबल, स्प्रिंग, स्क्रू, सुटे भाग सगळं ठीक असून टेबलावरचा आकडाच खाली असेल तर दोष पीए आयसी (सिग्नलला जोर देणारी चिप), अँटेना स्विच किंवा ट्यूनरमध्ये आहे. तिथे बोर्डाचा नकाशा, हॉट एअर आणि सूक्ष्मदर्शक लागतो. घरी हीटगन मारून बघू नका, शेजारचा मोडेम सुटला तर फोनच जातो. फोन पडून चौकट वाकली असेल किंवा अँटेनाच्या रेषेपाशी तडा असेल, तरी चौकट बदलणाऱ्याकडेच द्या. बॅटरी फुगलेली दिसली तर उघडण्याचं काम तिथेच सोडा. फुगलेली बॅटरी बोर्ड उचलते आणि स्प्रिंग सोडवते, म्हणून रेंजची तक्रार कधी कधी तीच असते, पण तिला हात कारागिरानेच लावावा.

तुमच्या आणि ताडायला घेतलेल्या दुसऱ्या, अशा दोन्ही फोनला टेबलावरच उणे ११० मिळत असेल तर दुरुस्तीवर खर्च करू नका. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर कुठे आहेत ते बघा, कंपनीकडे तक्रार नोंदवा, आणि शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमचा आकडा पंधरा डीबीने चांगला असेल तर नंबर पोर्ट करा. इंग्रजीत PORT, मग एक स्पेस, मग आपला मोबाइल नंबर असा मेसेज १९०० वर जातो. ऑनलाइन मिळणारा बूस्टर बसवू नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटाने आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडते.

दुकानात फोन देताना चार आकडे कागदावर लिहून द्या: टेबल, सैल पकड, पूर्ण पकड, बँड. फोन परत घेताना काउंटरवरच मोजून चालत नाही, तिथली रेंज वेगळी असते. दुकानात त्याच मॉडेलचा फोन असेल तर शेजारी ठेवून ताडा, नसेल तर घरी त्याच टेबलावर त्याच दिवशी मोजा, आणि सुधारणा दहा डीबीपेक्षा कमी असेल तर काय बदललं ते भागानिशी विचारा. काढलेला जुना चार्जिंग बोर्ड मागून घ्यायला विसरू नका.